शशीकाकांची गुणगुण

आमच्या घरात जुन्या माणसांच्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं, ते माझी स्मरणशक्ती दांडगी म्हणून नव्हे. बाकीच्यांना कामं असतात, एवढंच. गणपतीत जाऊबाई मोदक वळतात, नणंद नारळ खोवते आणि मी "काही मदत करू का" असं विचारत पाटावर बसते. माझे मोदक बघितलेल्या बायका घाईघाईने म्हणतात, "नको, तू आपलं शशीकाकांचं सांग." मग मी सांगते, दरवर्षी थोडं वाढवून. आज लिहायला बसलेय तर वाढवलेलं कापून टाकायचा विचार आहे. कितपत जमतंय बघू.

शशीकाका आमचे रत्नागिरीतले शेजारी. आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आणि गडग्याला एक खिंडार. त्यातून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या आणि शशीकाका तिकडून इकडे यायचे. उंच, किडकिडीत, अंगात बिनबाह्यांची बंडी, डोळ्यांवर दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. ते व्यापारी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. भर समुद्रात कानाला हेडफोन लावून, सगळ्या जगाच्या खरखरीतून आपल्या जहाजासाठी आलेला निरोप वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. पुढे आकाशात उपग्रह गेले, जहाजावर असा माणूस लागेनासा झाला आणि शशीकाका घरी आले. कान मात्र अजून ड्युटीवरच होते.

बोलता बोलता ते एकदम बोट वर करायचे. "ऐक." समोरचा गप्प. घर गप्प. आणि मग कुठलासा आवाज, जो आपल्या घरात वर्षानुवर्षं असतो पण आपल्याला माहीत नसतो, तो ऐकू यायला लागायचा.

आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी असंच बोट वर केलं. भटजी कथा सांगत होते, तेही थांबले. शशीकाका उठून स्वयंपाकघरात गेले, फ्रिजवर बारीक थरथरत वाजणारी स्टीलची ताटली उचलून ओट्यावर ठेवली आणि येऊन बसले. "हां, चालू द्या." भटजींनी विचारलं, "कुठवर आलो होतो?" ते एकालाही सांगता येईना. सगळे जण इतका वेळ ताटलीच ऐकत होतो की काय कोण जाणे. भटजींनी अध्याय पुन्हा पहिल्यापासून घेतला आणि शिरा गार झाला.

"आवाजाला गाव असतं," असं ते म्हणायचे. आपल्याकडे नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न, गाव कुठलं. मग वाडी कुठली, मग घर कुणाचं. तेवढं कळलं की त्याच्या तीन पिढ्या आपल्याला पाठ. शशीकाकांच्या मते आवाजाचंही तेच. नुसतं "खरखर येते" म्हणून हात झटकायचे नाहीत. कधी येते, कोणतं बटण फिरवल्यावर येते, कोणासोबत येते, हे विचारत विचारत त्याच्या उंबऱ्यापर्यंत जायचं.

हे सगळं ज्ञान एकवटलं होतं त्यांच्या ॲम्प्लिफायरवर. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जपानच्या एका बंदरात घेतलेला. लाकडी पेटी, चंदेरी तोंड, जड बटणं आणि चालू केला की काचेमागे पिवळसर उजेड. सोबत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. तो उचलून आणताना आपली कंबर गेली, असं ते अभिमानाने सांगायचे. दर रविवारी सकाळी रेकॉर्ड लावायच्या आधी ते त्याचं प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. "खाऱ्या हवेत माणसाचे गुडघे आणि ह्याची बटणं, दोन्ही हलती ठेवावी लागतात. नाहीतर करकरतात."

नलूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हे वाक्य मनावर घेतलं. एकदा शशीकाका हेदवीला कुणाच्या तरी कार्याला गेले होते. मागे काकूंनी पुसायला म्हणून बटण फिरवलं, तर ते घट्ट. काकू मूळच्या केळशीच्या, आणि केळशीच्या माणसाला कुठल्याही घट्ट वस्तूवर एकच उपाय माहीत. त्यांनी बटणाच्या फटीत खोबरेल सोडलं. बटण लोण्यासारखं फिरू लागलं. काकू खूश.

शशीकाका परत आले, रविवारी यंत्र लावलं, आणि बोट वर.

"नले, ह्याला कोणी हात लावलान?"

"का? काय झालं?"

"आवाज चालतोय."

"चालतोय तर चालू दे की."

"अगो, चालतोय म्हणजे पायांनी चालतोय. डावीकडून उजवीकडे चाललाय."

पेटी उघडली तर आत मुंग्यांची रांग. काकू काही ओशाळल्या नाहीत. "केसांना चालतं, कुलपाला चालतं, कढईला चालतं. तुमच्या ह्या नवाबाला तेवढं चालत नाही."

दुसरा एखादा नवरा संतापला असता. शशीकाका आधी मुंग्यांचा आवाज पोटभर ऐकून बसले. मग जहाजावरच्या एका जुन्या दोस्ताला फोन लावला. "काय रे, मुंग्यांचा आवाज ऐकलास कधी? नाही ना? मी ऐकला. आमच्या नलूमुळे." त्यानंतर स्पिरिट आणि रंगाचा ब्रश घेऊन दोघं दुपारभर त्या पेटीशी बसली. काकूंच्या हातात टॉर्च होता आणि तोंडाने "डावीकडे राहिलंय, डावीकडे" असं चाललं होतं.

त्यांच्या कौतुकाचं सांगत बसले तर संपणार नाही. मला सांगायचंय ते त्या गुणगुणीचं.

एका दिवाळीत शशीकाकांच्या घरी स्वयंपाकघर नवं झालं. काकूंचे गुडघे दुखायचे, म्हणून मागच्या दारी बसून भांडी घासणं आणि मासळी धुणं बंद. मुलाने, नितीनने, मुंबईहून येऊन उभा ओटा आणि सिंक करून दिलं. सिंकचं पाणी पाईपने थेट परसातल्या केळींना. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला नळ सोडून दाखवायच्या.

शिमग्याच्या सुमारास शशीकाका खिंडारातून आले. चेहरा गंभीर. "मंगल, जरा ये गो. तुझे कान हवेत."

माझे कान शेजारच्या घरातलं भांडण ऐकण्यापुरते तीक्ष्ण आहेत. संगीतात मला सुरू झालं आणि संपलं एवढं कळतं. पण बोलावणं आलं म्हणजे मान मिळाला, म्हणून गेले. ॲम्प्लिफायरमधून एक गुणगुण येते, असं त्यांचं म्हणणं होतं. अगदी बारीक. गाण्यात दोन शब्दांच्या मधे, जिथे गाणारा श्वास घेतो तिथे, ती बसलेली असते.

शोध सुरू झाला. स्पीकरच्या तारा अदलाबदल करून बघितल्या. डावीकडची गुणगुण उजवीकडे गेली तर खोट पेटीत, जागेवरच राहिली तर स्पीकरमध्ये, असा हिशेब. काकू भाजी निवडता निवडता बघत होत्या. "माहेरी ग्रामदेवीला कौल लावायचे, अगदी तस्सं चाललंय. उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही."

"बरोबर," शशीकाका म्हणाले. "पण ही देवी दोन्ही कळ्या एकदम पाडत्येय."

गुणगुण दोन्ही बाजूंनी सारखी येत होती. म्हणजे जे दोन्ही बाजूंना सामाईक, तिथे गाव. त्यांनी मुंबईहून पेटीच्या आतले नवे कपॅसिटर मागवून बदलले. घरातले दिवे, पंखे, पंप, सगळं एकेक करून बंद केलं. काकूंना पाटा काढून चटणी वाटायला लावली. शेवटी अर्थिंग. ते त्यांचं स्वतःचं काम होतं. "जहाजाला अर्थिंगला अख्खा समुद्र असतो. आपल्याला काय, जांभा," असं म्हणून त्यांनी निवृत्तीच्या वर्षी स्वयंपाकघरामागे खड्डा खणून घेतला होता. त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पत्री घालून, तिथून एक जाड तार खिडकीतून आत आणून ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या स्क्रूला बांधली होती. ती तार सोडून बघितली. गुणगुण तेवढीच. बांधून बघितली. तेवढीच.

"म्हणजे तारेचा संबंध नाही," शशीकाका म्हणाले आणि ते गाव त्यांनी यादीतून काढून टाकलं.

आणि या सगळ्यात मी साक्षीदार. "येतोय आवाज?" त्यांनी विचारलं की मी म्हणायची, "येतोय." एवढा मोठा माणूस एवढ्या आशेने बघतो, त्याला नाही कसं म्हणायचं. एकदा पंखा बंद, मी खुर्चीत, शशीकाका पेटीमागे वाकलेले.

"येतोय?"

"हो."

"कुठून?"

ते डावीकडे बघत होते. "डावीकडून जरा जास्त," मी म्हटलं.

त्यांनी सावकाश हात वर केला. हातात प्लग होता. भिंतीतून काढलेला.

"मग... थोडासाच येतोय," मी म्हटलं.

नलूकाकू दाराची चौकट धरून हसल्या. "मंगलला विचारा हो, तिला बंद पडलेलंसुद्धा ऐकू येतं." आळीत ती म्हणच झाली. शशीकाकाही हसले, पण लवकर थांबले. त्याचं कारण मला नंतर कळलं. काकूंना गुणगुण ऐकू येत नव्हती. नितीन आला तेव्हा त्यालाही आली नाही. उरले होते मी, आणि माझी साक्ष तर अशी निकालात निघाली.

नितीन गुणी मुलगा. त्याने बापाला हळूच म्हटलं, "बाबा, इतकी वर्षं हेडफोन होता कानाला. एकदा दाखवून घेऊ या का?" कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. ऐकणं वयाच्या मानाने उत्तम, पण कानात बारीक आवाज येत राहणं या वयात असतं, म्हणाले. सवय करून घ्यायची.

घरी येऊन शशीकाकांनी ॲम्प्लिफायरवर जुन्या साडीची चौघडी घातली.

त्यानंतरचे रविवार मला आठवतात. गडग्यापलीकडे काही नाही. आमच्या मिक्सरचं भांडं तेव्हा महिनाभर खडखडत होतं. एरवी तिकडून "खालचं रबर बघ गो" अशी हाक आली असती. मी मुद्दाम मिक्सर खिडकीत आणून लावला. हाक आली नाही. शेवटी वाटीभर चटणी घेऊन मीच गेले. शशीकाका ओटीवर पेपर घेऊन बसले होते.

"काका, मिक्सर खडखडतोय आमचा."

"असेल," ते म्हणाले. "किंवा नसेलही. माझ्याकडे कशाला आलीस? कान हे माझं होकायंत्र होतं. तेच खोटं दाखवायला लागलं तर जहाज उभं करायचं, भलत्याच खडकावर न्यायचं नाही."

 मी चटणीची वाटी ठेवून परत आले आणि मिक्सर खिडकीतून आत नेला.

वैशाखात काकूंनी साठं घालायला काढली. रायवळ आंबे पिळून रस ताटात पसरायचा आणि उन्हात वाळवायचा. दरवर्षी मी मदतीला जाते; माझं काम म्हणजे ताटावर बसणाऱ्या माश्या हाकलणं आणि रसाची चव बरोबर आहे ना ते वारंवार बघणं. सकाळची वेळ. काकूंचे हात कोपरापर्यंत रसात. अचानक त्या म्हणाल्या, "मंगल, कंटाळा आला बाई या शांततेचा. लाव ती एखादी रेकॉर्ड."

"काका?"

"ते बसलेत ओटीवर पेपरात तोंड घालून. त्यांना ऐकायचं नसेल तर मला ऐकायचंय. माझी साठं मुकी वाळायची नाहीत."

मी चौघडी काढली. चालू केलं. पिवळा उजेड आला. रेकॉर्ड लावायची मला भीती, सुई मोडली तर काय. म्हणून आधी यंत्र चालतंय का बघावं म्हणून मी आवाजाचं बटण फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. काही नाही. शेवटपर्यंत फिरवलं.

"काकू, बंद पडलंय हे," मी ओरडले.

ओटीवर पेपर वाजला. शशीकाका आत आले. आधी बटण बघितलं, ते पार टोकाला होतं. मग माझ्याकडे बघितलं, त्यात माझ्याबद्दलचं सगळं मत आलं. मग गुडघ्यावर बसून स्पीकरला कान लावला. बराच वेळ तसेच. दुसऱ्या स्पीकरला लावला. उठले तेव्हा चेहरा पांढरा.

"मंगल. येतोय आवाज?"

आणि जिभेला लागलेली सवय. मी म्हटलं, "थोडासा."

"नीट सांग गो," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मला ह्याच्यातून काहीच येत नाहीये. गुणगुण गेलीय, की मीच बहिरा झालोय, एवढं सांग."

"नाही येत, काका," मी म्हटलं. "कधीच येत नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी हो म्हणायची."

त्यांनी मान हलवली. "ते माहीत होतं मला." मग एकदम काकूंकडे वळले. "नले, घरात काय बदललंय?"

"काय बदलायचंय? आंबे पिळत्येय."

"काल काय केलंस?"

"आंबेच पिळले."

"आणखी?"

"आणखी काय, सिंक तुंबलंय. रायवळच्या शिरा अडकल्यात त्यात. तुम्हाला सांगत्येय सोमवारपासून, पण तुमचं लक्ष कुठे. मागच्या दारी बसून भांडी घासत्येय, मासळीसुद्धा तिथेच धुतली. गुडघे गेले माझे."

शशीकाका मागच्या दारी गेले. मी मागोमाग. स्वयंपाकघरामागची जमीन, जी चैत्रात तडकून पांढरी पडली होती, ती ओली काळी झाली होती. वर मासळीचे खवले चमकत होते आणि एक मांजर तन्मयतेने जमीन चाटत होतं. शशीकाका त्या मांजराकडे बघत उभे राहिले. त्याच्या पायाखाली अर्थिंगचा खड्डा होता. कोळसा, मीठ, तांब्याची पत्री. इतकी वर्षं काकू रोज तिथे बसून खारट पाणी ओतत होत्या आणि त्या खड्ड्याला ओल मिळत होती. सिंक झालं, पाणी केळींना गेलं, शिमग्यापर्यंत जांभा वाळला, कोरड्या जमिनीत वीज उतरेना आणि अर्थिंग नुसतं नावाला उरलं.

ते धावत, खरोखर धावत, आत गेले. पाठीमागचा स्क्रू सैल करून तार सोडली.

गुणगुण.

मी शपथेवर सांगते, मला ऐकू आली. जाड, एकसुरी, दोन्ही बाजूंनी. त्यांनी तार बांधली. गेली. सोडली. आली. इतके महिने ती होती तेव्हा काकांशिवाय कोणाला कळली नव्हती. गेली आणि आली तेव्हा कळलं, ही होती.

"ऐकलीस?"

"ऐकली, काका."

"खरंच?"

"प्लग भिंतीतच आहे, बघून घेतलंय मी."

काकू रसाचे हात वर धरून दारात उभ्या होत्या. "मलाही आली हो," त्या म्हणाल्या. आणि मग, कारण त्या नलूकाकू होत्या, "तेव्हा तार काढून फरक पडला नाही, तर तार कामातून गेलीय हे कळू नये तुम्हाला? दिव्यात तेल नसलं की वात काढली काय आणि ठेवली काय."

शशीकाका जमिनीवर बसकण मारून हसायला लागले. हसता हसता चष्मा दोरीला लोंबकळला. "सगळ्या तारांना गाव विचारलं गो," ते म्हणाले. "हिला नाही विचारलं. ही आपल्याच घरची, हिला काय विचारायचं."

पुढचा दिवसभर जे झालं ते मी गणपतीत सांगते तेव्हा कोणाला खरं वाटत नाही. ज्या माणसाने ती गुणगुण घालवायला जिवाचं रान केलं, तो आता ती ऐकायला माणसं बोलावत होता. समोरच्या बाईंना बोलावलं. मासे घेऊन आलेल्या कोळणीला टोपली उतरवून आत बसवलं. काकांशी कॅरम खेळायला येणारे पोस्टातले निवृत्त मास्तर आले. प्रत्येकाला खुर्चीत बसवून तार सोडायचे. "आली?" "आली." बांधायचे. "गेली?" "गेली." कोळीण म्हणाली, "आमच्या लाँचीचं इंजिन लांबवरनं येतंय, तशी आली बघा." त्यावर शशीकाकांनी तिला आंब्याची अख्खी टोपली द्यायची काय ती बाकी ठेवली. नितीनला फोन लावून फोनच स्पीकरला टेकवला.

"ऐक."

 पलीकडून नितीन म्हणाला, "हो बाबा. आहे. येतोय आवाज." आणि थोड्या वेळाने, "सॉरी बाबा."

"कसलं सॉरी, ऐक अजून," म्हणून काकांनी आणखी दोनदा ऐकवलं.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली, "मंगल, त्या मिक्सरच्या खालचं रबर बघ गो." मी रबर बघितलं. फाटलेलंच होतं.

सिंक दुरुस्त झालं. पाईप खड्ड्याकडे वळवा, हे शशीकाकांचं म्हणणं काकूंनी साफ नाकारलं, केळी काय तुमच्या गाण्यावर जगणार का, म्हणून. तोडगा असा निघाला की मासळी धुतलेलं पाणी बादलीत जमा होईल आणि ज्याला गरज असेल तो ते नेऊन ओतेल. ज्याला गरज होती तो रोज नेऊन ओतायचा.

पुढच्या थंडीत शशीकाका गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. मी तेव्हा लेकीकडे खेडला होते. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते मी खेडला निघाले त्या सकाळचे. मी बॅग घेऊन सांगायला म्हणून खिंडारातून पलीकडे गेले, तर काका मागच्या दारी, बंडी आणि लुंगी, हातात बादली, पायांत घोटाळणारी तीन मांजरं.

"काका, येते. आणि आता कान ठीक ना? कानात काही नाही ना?"

"आहे की," ते म्हणाले.

मी बॅग खाली ठेवली.

"डॉक्टर खोटं नव्हता बोलला. कानात एक आहेच बारीकशी. आत्ताही आहे." त्यांनी बादली कलती केली आणि पाणी खड्ड्यावर सावकाश, गोल फिरवत सोडलं. "पण दोन होत्या गो. एक पेटीची आणि एक माझी. मी दोघींना एकच समजून बसलो होतो. पेटीची गेली. माझी राहीना का, सोबत आहे. रात्री झोप लागली नाही तर ऐकत पडतो, जहाजावर पडायचो तसा."

मग मांजरांना "व्हा बाजूला, तुमच्या बापाचं नाही ते" म्हणत त्यांनी बादली झटकली आणि उरलेलं पाणी आणायला आत गेले.